पुनरागमनाची आशा आणि थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र

ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या श्रद्धेचा विचार करावयाचा म्हणजे प्रकटीकरणाचे पुस्तक उघडावयाचे, अशी एक रूढी पडून गेली आहे. त्या ग्रंथातील श्वापदे, कर्णे, शिक्के आणि सहस्र वर्षांचे राज्य यांचा वाचकाच्या मनावर एवढा पगडा बसतो की, ही आशा कोणत्या दुःखाला उत्तर म्हणून बोलली गेली, हा प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. प्रस्तुत लेखात त्या ग्रंथाकडे न जाता पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा विचार केला आहे. नव्या करारातील लेखनात बहुसंख्य अभ्यासक याच पत्रास सर्वांत जुने मानतात. ते इ. स. ५०-५१ च्या सुमारास, बहुधा करिंथ येथून, लिहिले गेले. म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी. चारही शुभवर्तमाने त्यानंतरची आहेत. तेव्हा या आशेचे उपलब्ध असलेले पहिले लिखित रूप येथे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

थेस्सलनीका ही रोमन साम्राज्याच्या मासेदोनिया प्रांताची राजधानी होती. बंदर आणि पूर्वपश्चिम जाणारा रोमन राजमार्ग यांमुळे ते भरभराटीचे नगर झाले होते. प्रेषितांच्या कृत्यांतील सतराव्या अध्यायानुसार पौल तेथे फार काळ राहू शकला नाही. कैसराच्या आज्ञेविरुद्ध येशू नावाचा दुसराच कोणी राजा आहे असे हे लोक सांगतात, या आरोपावरून दंगल उसळली आणि पौलाला रातोरात बिरुयाकडे पाठवून द्यावे लागले. मागे राहिलेली मंडळी नवी, लहान आणि छळाच्या छायेत होती. हे पत्र अशा माणसांस लिहिलेले आहे, कोण्या धर्मपंडितांच्या परिषदेस नव्हे.

या मंडळीत काही जण मरण पावले. ते किती, कोण, कशाने मेले, हे पत्र सांगत नाही. परंतु त्यांच्या मृत्यूने एक विलक्षण पेच निर्माण झाला, हे चौथ्या अध्यायातील उत्तरावरून स्पष्ट होते. प्रभू लवकरच येणार, या विश्वासावर हे लोक जगत होते. जे तत्पूर्वीच गेले, त्यांचे काय? त्या सोहळ्याला ते मुकले काय? येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, प्रश्न स्वतःच्या मोक्षाचा नाही. जिवंतांना चिंता आहे ती गेलेल्यांची. पौलाचे उत्तरही त्याच दिशेने जाते. मृत मागे राहणार नाहीत, उलट तेच आधी उठतील आणि मग जिवंत व मृत एकत्र प्रभूला सामोरे जातील, असे तो सांगतो. आणि या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे म्हणून तो भाग संपवितो. शोक करूच नका असे तो म्हणत नाही. ज्यांना काही आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. हा भेद सूक्ष्म असला तरी फार महत्त्वाचा आहे. वसईकडील एका ख्रिस्ती स्नेह्याच्या दफनविधीस मी उपस्थित होतो, तेव्हा हाच उतारा वाचला गेला. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही अंताच्या वर्षाचा हिशेब करीत नव्हते, हे सांगावयास नकोच.

आता शब्दांकडे वळू. ज्याला आपण पुनरागमन म्हणतो त्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘पारूसिया’ असा आहे. त्याचा अर्थ उपस्थिती, येऊन हजर होणे. राजा अथवा प्रांताधिपती नगरास भेट देई, त्या समारंभासही हाच शब्द होता. त्यात ‘पुन्हा’ हा अर्थ नाही. मराठी बायबलात ‘आगमन’ हा शब्द येतो तो म्हणूनच योग्य आहे. बोलण्यात मात्र आपण सर्रास ‘पुनरागमन’ म्हणतो, आणि या लेखाच्या शीर्षकातही रूढीस शरण जाऊन तोच शब्द ठेवला आहे. मराठी कानाला त्या शब्दाबरोबर विसर्जनाच्या वेळचा मंत्र ऐकू येतो. गणपती जातो आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतो. ते येणेजाणे ऋतुचक्रासारखे आहे. ख्रिस्ती कल्पनेतील येणे एकदाच आणि शेवटचे आहे. एका शब्दाने केवढा घोटाळा होऊ शकतो, याचा हा नमुना होय.

दुसरा शब्द याहून उद्बोधक आहे. चौथ्या अध्यायात जिवंत व मृत अंतराळात प्रभूस भेटतील असे सांगताना पौलाने ‘अपांतेसिस’ हा शब्द योजिला आहे. थोर पाहुणा येत असता नगरजन वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरे होत आणि मिरवीत नगरात आणीत, त्या प्रथेशी हा शब्द निगडित आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दृष्टान्तात वराला सामोरे जाण्यास तोच शब्द येतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटल्या अध्यायात रोममधील बंधुजन पौलाला भेटावयास अप्पियाची पेठ व तीन उतारशाळा या ठिकाणांपर्यंत येतात, तेथेही तोच आहे. आणि ते लोक पौलासह रोमला परततात, पौल त्यांना घेऊन अन्यत्र निघून जात नाही. आपल्याकडे वऱ्हाड वेशीवर आले असता वधूपक्ष सामोरा जातो, तसेच हे. हा अर्थ सर्वच अभ्यासकांस मान्य नाही. तथापि मला तो पत्राच्या एकूण प्रवृत्तीशी जुळणारा वाटतो. पृथ्वी सोडून पळून जाण्याची ही आशा नाही. येणाऱ्याला येथे घेऊन येण्याची आहे.

याच ओळींवर एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने नेमका उलट सिद्धान्त उभारला. श्रद्धावंतांना आधी गुपचूप उचलून नेले जाईल व उरलेले जग संकटात होरपळेल, अशी ती शिकवण. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या सटीप बायबलने तिचा अमेरिकेत प्रसार केला, आणि १९७० सालच्या हॅल लिंड्सेच्या पुस्तकापासून पुढे तर ती बाजारात खपाची वस्तू झाली. गेलेल्यांना आपण मुकू नये म्हणून सांगितलेले वचन, मागे राहणाऱ्यांना भिवविण्यासाठी वापरले गेले. टीकाकाराने एवढे तरी स्पष्ट म्हटले पाहिजे की, या वाचनात पत्रातील मूळ प्रश्नच हरवला आहे.

मात्र सर्व दोष उत्तरकालीन वाचकांच्या माथी मारून चालणार नाही. पौल ज्या वेळी जिवंत उरणाऱ्यांचा उल्लेख करतो, त्या वेळी तो स्वतःसही त्यांत धरतो. आपल्या हयातीत हे घडेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती सफल झाली नाही. विलंबाची ही अडचण नव्या करारातच दिसू लागते. पेत्राच्या नावे असलेले दुसरे पत्र बरेच उशिराचे आहे, आणि त्यात वचनाचे काय झाले असे विचारणाऱ्या उपहासकांना उत्तर द्यावे लागते. देवाच्या लेखी सहस्र वर्षे एका दिवसासारखी, असे ते उत्तर आहे. अल्बर्ट श्वाइट्झर याने १९०६ सालच्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा थेट येशूपर्यंत नेला : जगाचा अंत समीप आहे या अपेक्षेत येशू स्वतः जगला आणि ती अपेक्षा फोल ठरली. असे लिहिणारा हा मनुष्य १९१३ साली वैद्य होऊन आफ्रिकेतील लांबारेने येथे गेला, ही गोष्ट त्याच्या ग्रंथावरील टीपेसारखी वाचावी असे मला वाटते.

अपेक्षा फसली की श्रद्धेचे काय होते, याचे बोलके उदाहरण विल्यम मिलरचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील हा शेतकरी. दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवसांची वर्षे करून, इ. स. पू. ४५७ पासून मोजून त्याने १८४३ च्या सुमाराचा काळ काढला. तो टळल्यावर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस गेला आणि हजारो माणसे रडत घरी परतली. त्यांतील एका गटाने तारीख खरीच होती, घटना मात्र पृथ्वीवर न घडता स्वर्गातील पवित्रस्थानात घडली, असा अर्थ लावला. त्यातून १८६३ साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. मिलरला हसणे सोपे आहे. तो लबाड नव्हता, आपली चूक त्याने कबूल केली. पण थेस्सलनीकाकरांच्या पत्रातील पाचवा अध्याय काळवेळांविषयी लिहिण्याची गरज नाही असे सांगूनच सुरू होतो, आणि तो दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल म्हणतो. चोराची तारीख कोण काढतो?

बौद्ध वाङ्मयाच्या वाचकास येथे दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील मेत्तेय्य आठवल्यावाचून राहणार नाही. साम्य दाखविण्याचा मोह आवरावा. मेत्तेय्य हा दुसरा बुद्ध आहे, गौतम बुद्धाचे परत येणे नव्हे. आणि त्याच्या येण्यात मृतांचा न्याय नाही. दोन्हींत ‘येणारा’ आहे एवढ्यावरून दोन आशा एक ठरत नाहीत.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक शंका असणे स्वाभाविक आहे. उद्याच्या स्वर्गाचे आश्वासन देऊन आजच्या पीडितास गप्प बसविणे, हा धर्मांचा जुना धंदा नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि ख्रिस्ती इतिहासात तिला पुरावाही भरपूर सापडेल. या पत्राला मात्र ती सरळ लागू पडत नाही. सर्वत्र शांतता आहे, सुरक्षितता आहे, असे लोक म्हणत असतानाच नाश ओढवेल, असे पौल लिहितो. रोमन सत्तेची हीच तर घोषणा होती, असे अनेक अभ्यासक दाखवितात. राजाच्या स्वारीचे शब्द घेऊन ते कैसराऐवजी क्रुसावर मारल्या गेलेल्या एका माणसास लावणे, हे त्या नगरात निरुपद्रवी नव्हते. शिवाय त्याच पत्रात स्वस्थपणे राहा, आपापला उद्योग करा, हातांनी काम करा, असा उपदेश आहे. युर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मचिंतकाने १९६४ साली आशेवर ग्रंथ लिहिला, त्यातील आग्रह हाच की, ही आशा माणसाला वर्तमानाशी तडजोड करू देत नाही. हा लेखक महायुद्धात हॅम्बर्गवरील बाँबवर्षावातून वाचलेला व नंतर युद्धकैदी राहिलेला होता. २०२४ साली तो वारला. त्याचे विवेचन पौलाहून कितीतरी अवघड आहे आणि मला ते जागोजागी पसरट वाटते, पण दिशा याच पत्राची आहे.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. अंतराळातील भेटीनंतर पुढे काय, कोठे जावयाचे, हे पत्र सांगतच नाही. सदैव प्रभूबरोबर राहू, एवढे म्हणून थांबते. ही मोकळी जागा डार्बीने एका प्रकारे भरली, इतरांनी दुसऱ्या. मराठी बायबलच्या पुढील एखाद्या आवृत्तीत ‘भेटण्यास’ या शब्दाखाली अप्पियाच्या पेठेच्या त्या प्रसंगाकडे निर्देश करणारी एका ओळीची टीप घालता आली, तर वाचकाची बरीच सोय होईल.