खटला पायरीवरच राहिला

'शी-हल्क : अटर्नी ॲट लॉ'चा शेवटचा भाग मी फोनवर पाहिला. ऐन मारामारीत स्क्रीनवर अचानक डिस्ने प्लसचा मेन्यू आला. मला वाटलं, अंगठा चुकून कुठेतरी लागला. तेवढ्यात जेनिफर वॉल्टर्स आपल्या मालिकेच्या चौकटीतून बाहेर आली, शेजारच्या एका कार्यक्रमात शिरली आणि मार्व्हलच्या लेखकांसमोर जाऊन उभी राहिली. मी एकटीच खोलीत मोठ्यांदा हसले. ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. त्या हसण्याविषयी आणि ते ओसरल्यावर जे खुपत राहिलं त्याविषयी लिहायचंय. शेवट सांगणार आहे. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून या.

जेनिफर (टाटियाना मास्लानी) वकील आहे. नात्याने भाऊ असलेल्या ब्रूस बॅनरचं, म्हणजे हल्कचं रक्त तिच्या अंगात जातं आणि तीही हिरवी, धिप्पाड होऊ लागते. पहिल्याच भागात ब्रूस तिला राग आवरायला शिकवायला बसतो. ती सांगते, हे मला तुझ्यापेक्षा जास्त येतं. रस्त्यावर कुणी छेड काढली, माझ्याच विषयात एखाद्या पुरुषाने मला अक्कल शिकवली, तरी मी रोज राग गिळतेच. मालिकेची खरी सुरुवात या बोलण्यात आहे.

आणि तिचा खरा कस आठव्या भागात लागतो. जोश नावाच्या ज्या मुलावर तिने विश्वास टाकला, त्याने गुपचूप काढलेला खासगी व्हिडिओ पुरस्कार सोहळ्यात भरगच्च सभागृहासमोर दाखवला जातो. जेनिफर पहिल्यांदाच राग गिळत नाही, पडदा फोडते. मग काय होतं? बंदुका तिच्यावर रोखल्या जातात. नवव्या भागाच्या सुरुवातीला नोकरी गेलेली, शी-हल्क व्हायला बंदी असलेली जेनिफर आईवडिलांच्या घरी परतलेली असते.

यामागे टॉड नावाचा श्रीमंत, रिकामटेकडा माणूस आणि त्याची ऑनलाइन टोळी आहे. टॉड चोरलेल्या रक्ताने स्वतःच हल्क होतो, टायटानिया भिंत फोडून येते, ब्रूस आभाळातून मदतीला टपकतो. नेहमीचा मार्व्हलछाप गोंधळ. तेव्हा जेनिफर थेट कॅमेऱ्यात बघून विचारते, हे तुम्हाला पटतंय का? आणि मेन्यूतून निसटते. स्टुडिओत सगळ्या कथा ठरवणारा के.ई.व्ही.आय.एन. नावाचा रोबो भेटतो. त्याच्यासमोर ती अस्सल वकिलासारखी बाजू मांडते : टॉडला शक्ती नको, ब्रूसने येऊन वाचवायला नको, हा सगळा प्रसंग दिवसाउजेडी घडू दे. गोष्ट माझी आहे, शेवटही माझाच हवा. रोबो मानतो.

इथवर मी खूश होते. सुपरहिरोच्या गोष्टीत बाईने ठोसा न मारता मुद्दा जिंकावा, हे किती दिवसांनी दिसलं! पण ती जिंकली काय, हे पाहा. तिने कथानक दुरुस्त करून घेतलं. टॉडला पोलीस नेतात, ती म्हणते कोर्टात भेटू, आणि शेवटी न्यायालयाबाहेर पत्रकारांशी बोलते. आत मात्र आपण जात नाही. जोशला तर कुणी जाबही विचारत नाही.

कॉलेजात असताना आमच्या होस्टेलमधल्या एका मुलीचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. चर्चा दोनच : कुणी टाकला, आणि तिने तो मुळात पाठवलाच कशाला. मी दोन्ही चर्चा वाचल्या. काहीच लिहिलं नाही. पुढच्या सत्राला ती आली नाही. तिचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. म्हणून जेनिफर कॅमेऱ्यात बघून बोलू लागली की मी कान टवकारायचे. तिला विचारावं लागत नाही, ती आपणहून सांगते. त्या व्हिडिओनंतर तिला काय वाटलं, हे मात्र ती कथानकाच्या तक्रारीत गुंडाळून सांगते.

माझी मैत्रीण म्हणते, विनोदी मालिका आहे, बाईचं दुःख दर वेळी उगाळून दाखवायलाच हवं का? बरोबर आहे. नकोच. पण कोर्ट म्हणजे दुःख नाही, ते जेनिफरचं घरचं मैदान आहे. याच मालिकेत 'शी-हल्क' या नावाच्या हक्कावरून खटला होतो, आणि नाव आपलंच आहे हे सिद्ध करायला डेटिंग ॲपवर भेटलेल्या पुरुषांना साक्षीला बोलवायची वेळ तिच्यावर येते. तिचं खासगी आयुष्य विनोदासाठी कोर्टात येऊ शकतं, तर न्यायासाठी का नाही? दोन मिनिटं पुरली असती. टॉड आरोपीच्या जागी, जेनिफर समोर, आणि एक सरळ प्रश्न. त्यातही हसता आलं असतं, आणि या वेळी हसं त्याचं झालं असतं.

'ही मालिका कुणाची?' हा या भागाच्या नावातलाच प्रश्न. उत्तर जेनिफरने मिळवलं. पण पहिल्या भागापासून जो राग ती गिळत आली, तो भर सभागृहात एकदा बाहेर पडला आणि गुन्हा ठरला. त्या रागाची बाजू मांडायला मालिकेकडे एक उत्तम वकील होती. तिला पायऱ्यांवर माईकसमोर उभं करून मालिका संपते. मी अजून त्या बंद दाराकडे बघतेय.