शस्त्रांचा जीर्णोद्धार आणि क्षेपक

जुनी वस्तु दुरुस्त करणें आणि जुनी वस्तु पालटून टाकणें या दोन गोष्टी वरवर पाहणारास एकच वाटतात. दोहोंसाठीं तीच कानस लागते, तोच कारागीर लागतो, आणि काम पुरें झाल्यावर मालकाच्या तोंडावर समाधानहि तेंच दिसतें. वाङ्मयाच्या प्रांतांत मात्र या दोहोंतील अंतर आपल्या लोकांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. एकनाथांनीं शके १५०६ त ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पण त्या ग्रंथांत कोणीं आपली ओवी मिसळूं नये, अशी ताकीदहि त्यांनीं देऊन ठेविली. पाठशुद्धि हें पुण्यकर्म आणि क्षेपक हा अपराध, ही मर्यादा तेव्हांपासून मराठी वाचकाच्या अंगवळणीं पडली आहे. हीच मर्यादा आम्ही आज एका अगदीं निराळ्या विषयास लावून पाहणार आहों. तो विषय म्हणजे फौजांनीं विकून टाकलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांस नवें रूप देण्याचा छंद.

हा विषय आपल्या वाचकांच्या दिवाणखान्यास शोभणारा नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु शास्त्र आणि शस्त्र आपल्याकडे फारशीं दूर नांदलेलीं नाहींत. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई म्हटली कीं मुकुंदराज, दासोपंत आणि योगेश्वरी हीं नांवें ओठांवर येतात. दासोपंतांनीं जिच्यावर ‘पंचीकरण’ लिहिलें ती सुमारें चाळीस फूट लांबीची पासोडी याच गांवची. पण याच गांवाला निजामी अमदानींत मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १८५८ त सर ह्यू रोज याच्या हाताखालीं झांशीवर चालून गेलेल्या सैन्यांत या कंटिंजंटचीं पथकें होतीं. पुढें १९०३ त तिचें वेगळेपण संपून ती हिंदी सैन्यांत मिळून गेली. पासोडी राहिली, छावणी गेली; परंतु दोहोंचा इतिहास त्याच मातींतला आहे.

त्या काळचे गोरे अंमलदार आपलें रिव्हॉल्व्हर बहुधा स्वतःच्या पैशानें विकत घेत. रॉबर्ट ॲडम्स यानें १८५१ त लंडनमध्यें जें रिव्हॉल्व्हर काढलें, त्याची नळी आणि सांगाडा एकाच लोखंडांतून घडविलेला असे. पण तें केवळ चाप ओढूनच उडे. १८५६ त बोमाँट नांवाच्या इंजिनियर पलटणींतील लेफ्टनंटानें त्यांत सुधारणा केली, व घोडा अंगठ्यानेंहि चढवितां येऊं लागला. दारू आणि गोळी सुटी भरण्याचा तो जमाना होता. पुढें तयार काडतुसें आलीं, तेव्हां १८६८ पासून रॉबर्टचा भाऊ जॉन ॲडम्स याच्या योजनेप्रमाणें हींच जुनीं हत्यारें मागील बाजूनें काडतूस घेतील अशीं करण्यांत आलीं. हा बदल लहान नव्हता. तरीहि त्याला आम्ही क्षेपक म्हणत नाहीं. ग्रंथकारानें हयातींत स्वतःच दुसरी आवृत्ति सुधारून काढावी, तसा हा प्रकार आहे. हत्यार अजून आपल्या कामावर होतें आणि कामानेंच तो बदल मागितला होता.

१९३२ त ब्रिटिश फौजेनें पतकरलेल्या .३८ मापाच्या एन्फील्ड रिव्हॉल्व्हराची कथाहि अशीच आहे. रणगाड्याच्या अडचणीच्या पोटांत घोड्याचें बोंड कशांत ना कशांत अडके, म्हणून १९३८ त तें उडवूनच टाकण्यांत आलें. तें बोडकें हत्यार पाहून सौंदर्यवाद्यास हळहळ वाटेल. पण औचित्य हेंच काव्याचें जीवित, असें क्षेमेंद्रानें म्हटलें आहे, आणि त्या कसोटीवर हें उणेंपण शोभतें. तें कां आलें हें त्याच्याकडे पाहतांच कळतें, व तें कांहीं लपवीत नाहीं.

क्षेपकाचा खरा प्रारंभ होतो तो हत्यार फौजेंतून बाहेर पडल्यावर. १९१५ चें वेब्ले मार्क सहा हें पहिल्या महायुद्धाच्या चिखलांत टिकलेलें दणकट रिव्हॉल्व्हर. दुसऱ्या महायुद्धानंतर तें अमेरिकेंत स्वस्त विकलें गेलें. त्याचें .४५५ मापाचें काडतूस तेथें दुर्मिळ आणि .४५ मापाचें पिस्तुली काडतूस मुबलक. म्हणून व्यापाऱ्यांनीं त्याच्या फिरत्या चक्राची पाठ घांसून तीं काडतुसें त्यांत बसविलीं. परंतु त्या पिस्तुली काडतुसाचा दाब, ज्या भारावर हें चक्र पारखून घेतलें होतें त्याहूनहि अधिक असतो. बाहेरून सोयीची दिसणारी ही दुरुस्ती आंतून धोक्याची होती. स्मिथ अँड वेसन कंपनीनें युद्धकाळांत ब्रिटिशांसाठीं बनविलेल्या ‘व्हिक्टरी’ नांवाच्या रिव्हॉल्व्हराचीहि तीच गत झाली. लांब अमेरिकन काडतूस मावावें म्हणून त्याचीं घरें खोल करण्यांत आलीं. परंतु तीं मुळांत रुंद असल्यामुळें काडतुसाची पुंगळी त्यांत फुगते, प्रसंगीं फाटते. वर नळी तोडली, माशी नव्यानें बसविली आणि सर्वांवर निकेलचा मुलामा चढविला. ओवीचे चरण तोडून त्यांत दिंडीचे चरण कोंबावे आणि ग्रंथ मात्र जुन्या कवीच्या नांवावर खपवावा, त्यांतलाच हा प्रकार नव्हे काय?

प्रतिपक्षाचें म्हणणेंहि आम्ही ऐकिलें पाहिजे. ते म्हणतात, ‘हीं हत्यारें आम्हीं घेतलीं नसतीं तर भट्टींत गेलीं असतीं, वस्तु मालकाची, मग तिचें रूप त्यानें ठरविलें तर टीकाकाराचें काय गेलें?’ यांतील पहिला भाग आम्हांस मान्य आहे. पुष्कळ वेब्ले आज पाहावयास मिळतात त्या या हौशी लोकांमुळेंच. त्यांच्यांतील उत्तम कारागिरांच्या हाताविषयीं आम्हांस आदरहि आहे. तुटलेली कमान नवी बसविणें, गंज थांबविणें, सैल झालेला सांधा पुन्हा घट्ट करणें हीं कामें विद्येचीं आहेत. दुसरा भाग मात्र मान्य नाहीं. जुनी वस्तु ही एकट्या मालकाची कधींच नसते. तिच्या अंगावर इतरांचेंहि लिहिणें असतें.

हें लिहिणें आम्ही अलंकारिक अर्थानें म्हणत नाहीं. ब्रिटिश सरकारच्या शस्त्रावर बाणाची खूण असते, तपासनिसाचा मुकुटाचा ठसा असतो, साल असतें, अंक असतो. फौजेनें तें विकून टाकलें म्हणजे दोन बाण टोकाला टोक लावून उमटवीत. तेवढ्या दोन रेघांत एका नोकरीचा शेवट नोंदलेला असतो. चकाकीच्या हव्यासानें फिरणारें चाक प्रथम याच खुणा खातें. मग उरतें तें सुंदर असेल. पण तें कोणाचें, कोठलें, केव्हांचें, हें त्याला सांगतां येत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांकडे आजोबांच्या वेळेपासून परवान्याचें एक रिव्हॉल्व्हर होतें. अक्रोडी लांकडाच्या मुठीवर आजोबांच्या बोटांनीं खळगे पाडलेले. चिरंजिवांनीं हौसेनें तें शहरांतील एका दुकानीं देऊन मुलामा चढवून आणलें आणि मूठहि मोत्याच्या रंगाची बसविली. पुढें परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीं हत्यारावरील अंक कागदांतील अंकाशीं जुळेना. जुळणार कसा, तो वाचतांच येईना! तें हत्यार जमा करावें लागलें. “अंक गेला याचें दुःख नाहीं,” वडील आम्हांस म्हणाले, “बाबांची मूठ गेली.” या वाक्यापुढें आमची सारी टीका पुनरुक्तीच आहे.

कायदाहि येथें रसिकाच्याच बाजूनें उभा आहे, ही नवलाची गोष्ट होय. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून बंदुकीचें परिवर्तन वा धंद्यासाठीं दुरुस्ती करतां येत नाहीं, नळी आंखूड करतां येत नाहीं. आणि ओळखीचा अंक पुसणें किंवा बदलणें हा गुन्हाच आहे. उलट जें पुराणें हत्यार दुरुस्त करूनहि उडूं शकत नाहीं, त्यास हा कायदा लागू नाहीं. लष्करी मापाचीं रिव्हॉल्व्हरें सामान्य नागरिकास मिळत नाहींत. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्यानें.३२ मापाचें रिव्हॉल्व्हर काढलें, त्याचाहि घाट वेब्लेचाच आहे.

बीडच्या वाचकांस या विषयाची दुसरी बाजू सांगावयास नको. डिसेंबर २०२४ मध्यें केज तालुक्यांतील मस्साजोगच्या सरपंचाची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यांत कमरेचीं पिस्तुलें मिरविणारांचीं छायाचित्रें चव्हाट्यावर आलीं, परवान्यांची छाननी झाली आणि पुष्कळ परवाने रद्द झाले. मिरविण्याची ही वृत्ति आणि जुन्या हत्यारास नटविण्याची वृत्ति यांचें मूळ आम्हांस एकच दिसतें. दोघांनाहि शस्त्राचा इतिहास नको, त्याचा केवळ दिमाख हवा. ज्यानें तें कोणावर चाललें, कां चाललें आणि केव्हां म्यान झालें हें वाचलें आहे, त्याचा हात तें मिरवितांना अडखळल्यावांचून राहणार नाहीं.

म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. खंडेनवमीस घरोघर शस्त्रें उतरतील. राखेनें आणि विटकरीनें घांसतांना पात्यावरील वा नळीवरील अक्षरांकडे एकदां नीट पाहावें. तीं असतील तर तेथें हात आवरावा. तेलाचें एक बोट पुरें आहे. घरांत सांभाळ होत नसेल, तर दिनकर केळकरांनीं पुण्यांत उभारला तसा वस्तुसंग्रह कायद्याच्या वाटेनें जवळ करावा. जुन्या शस्त्राचें सामर्थ्य आतां त्याच्या गोळींत राहिलेलें नाहीं. जें कांहीं आहे तें त्याच्यावरील पुसट अक्षरांत आहे.