यंत्रं एकमेकांना विचारत नाहीत, म्हणून मेनू: मिडी सेटिंगची एक चिकित्सा

हार्डवेअर सिंथेसायझर पहिल्यांदा संगणकाला जोडणाऱ्या माणसाचा प्रश्न साधारण ठरलेला असतो: "केबल लावली, दिवाही लुकलुकतोय, मग आवाज का येत नाही?" आणि उत्तरही ठरलेलंच: "मॅन्युअल वाच." उत्तर चुकीचं नाही. पण दोन यंत्रं जोडायला माणसाला इतकं काय काय का जुळवावं लागतं, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो.

माझ्या पीएचडीचं काम मींडेवर आहे. गायलेल्या ओळीतून सुराचा आलेख काढायचा, तो सिंथकडून वाजवून घ्यायचा, त्यात मोजूनमापून फेरफार करायचे आणि ऐकणाऱ्याला कुठला फेरफार जाणवतो ते तपासायचं. म्हणजे सिंथ हे माझ्यासाठी वाद्य कमी आणि प्रयोगशाळेतलं उपकरण जास्त. उपकरणाचं कॅलिब्रेशन तपासल्याशिवाय मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला एमएस्सीच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून शिकवलेलं असतं. त्याच नजरेने मिडीच्या मेनूकडे पाहिलं तर काय दिसतं, ते या पोस्टमध्ये.

आधी थोडं श्रेय

टीका करण्याआधी मिडीची बाजू नीट मांडायला हवी. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथ आपापली भाषा बोलत होता. सिक्वेन्शिअल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शिअलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा वाजत होता. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन केलेलं हे मानक वापरायला परवाना शुल्क नव्हतं. त्या वर्षीचा सिंथ आजच्या लॅपटॉपशी एका साध्या इंटरफेसमधून बोलतो. चाळीस वर्षं टिकलेली अशी डिजिटल मानकं फार नाहीत.

बांधणीही काटकसरीची. सेकंदाला ३१,२५० बिट हा वेग घेतला, कारण १ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागलं की तो सहज मिळतो. माहिती जाते ती करंट लूपमधून, आणि घेणाऱ्या टोकाला ऑप्टो-आयसोलेटर असतो. म्हणजे दोन यंत्रांमध्ये थेट विजेचा संबंध नाही, फक्त प्रकाशाचा. त्यामुळे ग्राउंड लूपची घरघर येत नाही. स्वस्त, साधं आणि भरवशाचं.

मात्र या काटकसरीची एक किंमत आहे: एका केबलमधून माहिती एकाच दिशेने जाते. पाठवणारा पाठवतो, ऐकणारा ऐकतो. "पोचलं का?" असं विचारायची सोय नाही, "तुझी भाषा मला कळत नाही" असं सांगायचीही नाही. माझं म्हणणं असं की मेनूमधल्या जवळजवळ प्रत्येक मिडी सेटिंगचं मूळ इथे आहे. यंत्रांनी एकमेकांना जे विचारायला हवं होतं, ते सगळं माणसाला दोन्हीकडे हाताने भरावं लागतं.

एकेक सेटिंग घेऊन पाहू

सर्वात आधी चॅनल. एका केबलवर १६ चॅनल असतात, आणि पाठवणारा व घेणारा एकाच चॅनलवर नसतील तर शांतता. यंत्राला संदेश मिळालेला असतो, त्याने तो वाचलेलाही असतो, फक्त "माझ्यासाठी नाही" म्हणून सोडून दिलेला असतो. दिवा लुकलुकतो तो यामुळेच. भर म्हणजे पडद्यावर चॅनल १ ते १६ दिसतात, पण तारेतून ० ते १५ जातात. स्वतः कोड लिहून नोट पाठवणाऱ्याला हा एकाचा फरक हमखास नडतो. यावर उपाय म्हणून ओम्नी आहे: चॅनल न बघता सगळं ऐकायचं. एकच सिंथ असेल तर ओम्नी सोयीचा. दुसरा जोडला की दोघेही सगळंच वाजवायला लागतात.

मग लोकल कंट्रोल. कीबोर्ड असलेल्या सिंथमध्ये पट्ट्या आणि आवाज तयार करणारा भाग यांच्यातला आतला दुवा म्हणजे लोकल. तो चालू ठेवून सिंथ संगणकाला जोडला, आणि संगणकाने आलेली नोट परत पाठवली, की प्रत्येक सूर दोनदा वाजतो. आवाज पोकळ, फिरल्यासारखा येतो, आणि १६ स्वर एकावेळी वाजवणारा सिंथ आठातच दमतो. लोकल बंद केला की हे थांबतं. पण मग संगणक बंद असताना कीबोर्ड मुका! दुसऱ्या दिवशी नुसता रियाज करायला बसलेल्या माणसाला वाटतं, वाद्य बिघडलं.

क्लॉक तसाच. मिडीचं घड्याळ एका मात्रेला, म्हणजे क्वार्टर नोटला, २४ ठोके पाठवतं. १२० च्या लयीत दर २०.८ मिलिसेकंदांनी एक ठोका. सिंथचं क्लॉक 'एक्स्टर्नल'वर ठेवलं आणि बाहेरून ठोके आलेच नाहीत, तर आर्पेजिएटर गप्प बसून वाट बघतो. "मी ठोक्याची वाट बघतोय" एवढं पडद्यावर लिहायला काय हरकत होती? काही नवीन यंत्रं लिहितात. जुनी बहुतेक लिहीत नाहीत.

नावांचाही घोळ आहे. नोट क्रमांक ६० म्हणजे पाश्चात्त्य मधला सी. यामाहा त्याला सी-३ म्हणते, रोलँड सी-४. क्रमांक तोच, नाव वेगळं. मॅन्युअलमध्ये नाव वाचून सेटिंग करणारा एक सप्तक चुकतो.

डीएक्स-७ चा पडदा

ठोस उदाहरण म्हणून यामाहाचा डीएक्स-७ घेऊ. १९८३ चं हे यंत्र त्या दशकातल्या असंख्य गाण्यांत ऐकू येतं. त्याचा पडदा सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा. मिडीची सेटिंगं फंक्शन मोडमध्ये आठव्या बटणामागे आहेत. तेच बटण पुन्हा दाबलं की पुढचं सेटिंग. ऐकायचा चॅनल निवडता येतो, पाठवायचा येत नाही, तो कायम १.

या बटणावर 'सिस इन्फो अनअव्हेल' अशी एक ओळ येते. वाचणाऱ्याला वाटतं यंत्र काहीतरी कळवतंय, माहिती उपलब्ध नाही म्हणतंय. प्रत्यक्षात ते कळवणं नाही, तो स्विच आहे, आणि 'अव्हेल' करायचा असतो. तो बदलल्याशिवाय बाहेरून आवाजांचा संच आत घेता येत नाही. शिवाय मेमरी प्रोटेक्ट वेगळ्या बटणावर, तोही काढावा लागतो. दोन्ही कुलुपं उघडून संच पाठवला की ३२ आवाजांचे ४,१०४ बाइट सुमारे १.३ सेकंदांत पोचतात. एक जरी कुलूप राहिलं तरी पाठवणाऱ्या संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. त्याच्या लेखी काम फत्ते.

मेमरी प्रोटेक्ट असणं योग्यच आहे. चुकून कोणाचे आवाज पुसले जाऊ नयेत. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. स्विचची स्थिती आणि यंत्राचा निरोप यांच्यात फरक दिसला पाहिजे, आणि सोळा अक्षरांतही तो दाखवता आला असता.

खरा मुद्दा: पिच बेंड

आतापर्यंतच्या त्रासांत निदान एक बरं आहे: चूक झाली की आवाज येत नाही किंवा विचित्र येतो, म्हणजे कळतं तरी. पिच बेंडची चूक ऐकू येतेच असं नाही, आणि माझ्या कामासाठी तीच सर्वात धोक्याची.

बेंडचा संदेश १४ बिटांचा असतो. ० ते १६,३८३, मध्य ८,१९२. पण या आकड्यात "किती सूर वर" हे लिहिलेलंच नसतं. टोकाचा आकडा म्हणजे किती, हे घेणाऱ्या यंत्राच्या 'बेंड रेंज' या सेटिंगवर ठरतं. नेहमीची रेंज दोन अर्धस्वर वर, दोन खाली. समजा मी संगणकात बारा अर्धस्वर धरून सा ते प अशी मींड पाठवली आणि सिंथवर रेंज दोनच राहिली. प सात अर्धस्वरांवर. सात भागिले बारा, गुणिले दोन: सुमारे १.१७. मींड निघते सा वरून आणि कोमल रेच्या जरा पुढे जाऊन थांबते. आलेखाचा आकार अगदी तोच, फक्त सहापट बुटका. ज्याला मूळ ओळ माहीत नाही त्याला काही चुकलंय असं वाटणारही नाही.

दुसरी अडचण बारकाईची. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर दोनच्या रेंजमध्ये १४ बिटांची एक पायरी ०.०२४ सेंटची येते, कान ओळखू शकेल त्याच्या कितीतरी खाली. पण काही जुनी यंत्रं त्यातले वरचे ७ बिटच वापरतात. मग बाराच्या रेंजमध्ये एक पायरी १८.७५ सेंट. आपल्याकडे श्रुतींच्या चर्चेत ८१/८० हे गुणोत्तर सतत येतं, त्याचं अंतर २१.५ सेंट. म्हणजे यंत्राची एक पायरी जवळजवळ या अंतराएवढी! अशा यंत्रावर मींड वाजवली तर ती घसरगुंडी राहत नाही, जिना होते. आणि त्यावर श्रुतीबद्दल निष्कर्ष काढला तर तो गायकाबद्दल नसून मेनूबद्दल असेल.

तिसरी अडचण तर सेटिंग बदलूनही सुटत नाही: बेंड पूर्ण चॅनलला लागू होतो. एक सूर स्थिर ठेवून दुसरा ओढायचा असेल, म्हणजे षड्ज धरून ठेवून वर मींड घ्यायची असेल, तर दोन्ही एका चॅनलवर जमत नाही. षड्जही बरोबर ओढला जातो. १९८३ च्या मिडीच्या डोळ्यांसमोर वाद्य म्हणजे पट्ट्यांचं वाद्य होतं: पट्टी दाबली, पट्टी सोडली, आणि बाजूला एक चाक.

हे वाचून कोणाला हार्मोनियमचा वाद आठवेल. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीनेक दशकं टिकली. आक्षेपांपैकी एक हाच: ठरलेल्या पट्ट्यांमधल्या जागा या वाद्यात नाहीत. आणि त्याच वाद्यावर गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी नाव कमावलं, मराठी नाट्यसंगीत ऑर्गन-पेटीच्या साथीने उभं राहिलं. म्हणून "मिडीत आपलं संगीत बसत नाही" असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. फरक इतकाच की पेटीची मर्यादा पट्टीवर बोट ठेवताक्षणी कळते. मिडीची मर्यादा एका उपमेनूत असते.

सुधारणा झाल्या, पण

१९८३ नंतर काहीच झालं नाही असं नाही. रेंज केबलमधूनच ठरवण्याचा संदेश आहे: कंट्रोलर १०१ आणि १०० ला शून्य, मग कंट्रोलर ६ ला हवे तितके अर्धस्वर. मात्र तो सगळी यंत्रं मानतात असं नाही, आणि मानला की नाही हे सांगत नाहीत. २०१८ मध्ये एमपीई आलं. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल मिळतो, त्यामुळे षड्ज जागेवर ठेवून मींड घेता येते. तिथे या सुरांच्या चॅनलची बेंड रेंज मुळात ४८ अर्धस्वर धरलेली असते. १४ बिट पूर्ण वापरले तर पायरी ०.५९ सेंट, सुंदर. सातच वापरले तर ७५ सेंट, निरुपयोगी.

२०२० च्या मिडी २.० ने मात्र मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. त्यात यंत्रं एकमेकांना "तुला काय काय येतं?" असं विचारू शकतात, आणि प्रत्येक सुराला स्वतःचा बेंड आहे. चाळीस वर्षं माणसाने केलेली मध्यस्थी यंत्रांकडे जाते आहे. अडचण अशी की विचारायला दोन्ही दिशा लागतात, म्हणजे पाच पिनांची एक केबल पुरत नाही. आणि विद्यार्थ्याला परवडणारा सेकंडहँड सिंथ बहुधा जुन्याच मिडीचा असतो.

तोपर्यंत

जुन्या यंत्राच्या मॅन्युअलचं शेवटचं पान सर्वात आधी उघडा. तिथे एक तक्ता असतो: एका रकान्यात यंत्र काय पाठवतं, दुसऱ्यात काय ओळखतं, पुढे गोल किंवा फुली. एका यंत्राचा 'पाठवतं' रकाना दुसऱ्याच्या 'ओळखतं' रकान्याशेजारी ठेवून वाचायचा. यंत्रांनी आपसात जे बोलायला हवं होतं ते कागदावर मांडणारा हा तक्ता मला मिडीतली सर्वात प्रामाणिक गोष्ट वाटते. शेऱ्यांच्या रकान्यात बेंडपुढे '७ बिट' लिहिलंय का, तेही पाहा.

मग मेनूत क्रमाने जा: चॅनल, लोकल, क्लॉक, बेंड रेंज. शेवटी एक चाचणी चुकवू नका. सा वाजवून बेंड टोकापर्यंत न्या आणि पोचलेला सूर ट्यूनरवर मोजा. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा ट्यूनरवर विश्वास ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सिंथवर मींड वाजवून त्यावर काही म्हणायचं असेल, कार्यक्रमात असो की प्रबंधात, तर ते आधी करायला हवं.

पुढच्या पोस्टमध्ये मींडेचा आलेख मुळात काढायचा कसा, आणि तंबोऱ्यामुळे त्यात काय गोंधळ होतो, ते पाहू. तुमच्या सिंथच्या तक्त्यात बेंडपुढे काय लिहिलंय ते जरूर कळवा.