पंचनाम्यातले रकाने
2025 च्या सप्टेंबरात सीनेचा पूर करमाळा तालुक्यात शिरला. जेऊरला मी साहित्य शिकवतो. म्हणून पंचनाम्याचा कागदही संहितेसारखाच वाचला. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र. घर पडले तर तेही नोंदले जाते. बुडालेल्या मजुरीला मात्र रकाना नाही! शासनाचे पॅकेज 31,628 कोटींचे, पिकांची मदत 3 हेक्टरपर्यंत. ज्यांच्या नावे सातबाराच नाही, त्या दलित वस्तीतल्या खुरपणाऱ्या बायांनी काय करायचे? 1972 च्या दुष्काळात खडी फोडणारे हात निदान मोजले तरी जात. त्याच अनुभवामागून 1977 चा रोजगार हमी कायदा आला. आपली प्रस्थापित ग्रामीण समीक्षा अजून 'बळीराजा'च्या अश्रूंपाशीच घुटमळते. त्याच्या बांधावर राबणारी बाई तिला पात्र म्हणून दिसत नाही. तलाठ्यालाही ती दिसलेली नाही.