मध्यभागी संगीत

संगीतगृह ही वास्तू डोळ्यांनी पाहावयाची असली, तरी तिची परीक्षा अखेर कानांनीच व्हावयाची असते. बर्लिनच्या फिलहार्मोनीची तंबूसारखी आकृती प्रथमदर्शनीच मन वेधून घेते हे खरे. पण वाद्यवृंदाला श्रोत्यांच्या मध्यभागी आणून वास्तुकाराने काय साधले आणि काय गमावले, हा खरा प्रश्न आहे.

जुनी फिलहार्मोनी १९४४ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली. नव्या वास्तूसाठी १९५६ मध्ये स्पर्धा होऊन हान्स शारून यांचा आराखडा निवडला गेला, आणि १५ ऑक्टोबर १९६३ रोजी कारायान यांच्या संचालनाखाली बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीने तिचे उद्घाटन झाले. व्हिएन्नाच्या १८७० च्या म्यूझिकफेराइनमध्ये लांबट पेटीच्या एका टोकाला वादक बसतात. शारून यांचे म्हणणे असे की, जेथे संगीत सुरू होते तेथे माणसे आपोआप त्याभोवती कडे करतात. मग सभागृहातच तसे का होऊ नये? आपल्याकडील बैठकीत वाढलेल्या रसिकाला हे निराळे पटवून द्यावे लागणार नाही.

नादशास्त्राला मात्र ते सहज पटणारे नव्हते. अरुंद गृहाच्या भिंती दोन्ही बाजूंनी नाद परतवितात व त्यामुळेच श्रोत्याला आपण संगीताने वेढले गेलो आहोत असे वाटते. भिंती दूर सरल्या की हा आधार तुटतो. ध्वनितज्ज्ञ लोथार क्रेमर यांना आरंभी शंका होती ती याचसाठी. पुढे निघालेला मार्ग अपूर्व आहे. श्रोत्यांचे गट डोंगरउतारावरील द्राक्षमळ्याच्या टप्प्यांसारखे रचले गेले. प्रत्येक टप्प्याची ठेंगणी भिंत जवळच्या श्रोत्यांकडे नाद परतविते. छत आतल्या बाजूस फुगलेले असल्याने नाद एका जागी न साचता विखुरतो. ते रंगमंचापासून सुमारे २२ मीटर उंच आहे. म्हणून वादकांना परस्परांचे ऐकू यावे यासाठी मध्ये परावर्तक टांगले आहेत. जे दृष्टीला सुखविते तेच येथे नादाचे काम करते, आणि २,२०० हून अधिक आसने असूनही कोणी श्रोता संगीतापासून फार दूर पडत नाही.

तथापि एक उणीव उरतेच. मानवी कंठ मुख्यत्वे समोरच्या दिशेने बोलतो. गायकाच्या पाठीमागे बसलेल्यांना स्वर पोचतो, पण शब्दांची धार बोथट होऊन. उद्घाटनाच्या सिंफनीच्या अंतिम भागात चार एकल गायक असावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हॅम्बर्गच्या एल्बफिलहार्मोनीने २०१७ मध्ये याच रचनेचा वारसा पुढे नेला; तेथे जानेवारी २०१९ मध्ये योनास काउफमान माहलरची रचना गात असता ऐकू येत नसल्याची तक्रार श्रोत्यांतूनच उठली.

म्हणून शारून यांचा प्रयोग फसला असे म्हणता येणार नाही. मागे बसणाऱ्याला संचालकाचा चेहरा दिसतो, वादकांमधील मूक संवाद कळतो. हा लाभ पेटीसारख्या गृहात मिळत नाही. परंतु सर्वांना संगीताभोवती बसविले म्हणजे सर्वांना सारखेच ऐकू येईल, हे गृहीत मात्र सोडावयास हवे. वाद्यसंगीतासाठी ही वास्तू थोर आहे. कंठसंगीताचा तिच्यावरील दावा अजून बाकी आहे.