नवे मीटर खरेच पळते का?

गडचिरोली जिल्ह्यातील एका शाळेत आम्ही शिक्षकांबरोबर बसलो होतो. विजेच्या बिलाचा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "जुनं मीटर काढलं आन् बिल वाढलं. नवं मीटर पळून राहिलं, सर." एक तरुण शिक्षक हसले. "गुरुजी, इलेक्ट्रॉनिक मीटर कसं पळेल?" गुरुजी गप्प बसले. आम्हांला मात्र गुरुजींचे बोलणे त्या हसण्यापेक्षा अधिक शास्त्रीय वाटले. बदल कधी झाला आणि त्यानंतर काय घडले, हे त्यांनी पाहिले होते. शंका होती ती फक्त त्यांनी काढलेल्या कारणाबद्दल.

गुरुजींचे घर जवळच होते. सारी उपकरणे बंद करून १०० वॉटचा तारेचा एकच दिवा लावला. मीटरवर 'प्रति युनिट ३२०० स्पंद' असे छापलेले होते, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. १५ मिनिटांत ८० स्पंद यायला हवेत. आले ६७. तरुण शिक्षक म्हणाले, "हे तर मागे पडतंय!" तेही खरे नव्हते. शाळेच्या मल्टिमीटरने दाब मोजला, तो २३० ऐवजी २०५ व्होल्ट निघाला. एवढ्या दाबाला दिवा १०० वॉट घेतच नाही. रोध स्थिर धरून गणित केले तर ६४ स्पंद येतात. पण तार थोडी कमी तापली की तिचा रोधही उतरतो, म्हणून ६७. मीटर बरोबर होते.

गुरुजींनी विचारले, "मग जुनं चुकीचं होतं का?"

शक्य आहे. जुन्या मीटरमधली ॲल्युमिनियमची चकती चुंबकीय क्षेत्रामुळे फिरते. टेकू झिजला, धूळ बसली की चार्जर किंवा नुसता जोडून ठेवलेला टीव्ही अशा किरकोळ भाराला ती हलतच नाही. (उलटही होते: तिला आवरणारे चुंबक क्षीण झाले तर चकती जोरात फिरते.) त्यात दरांचे टप्पे. महाराष्ट्रात घरगुती वापरात १०० युनिटपुढचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास आहे. अगदी दुप्पट धरला, तर ९५ ऐवजी १०५ युनिट मोजले गेल्यावर वापर साडेदहा टक्के वाढलेला दिसतो, पण विजेचा आकार सुमारे १६ टक्के वाढतो. म्हणजे बिल खरेच वाढते आणि मीटरही खरे असते.

पण गुरुजींचे जुने मीटर सुस्त होते की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते काढून नेले गेले. नेण्यापूर्वी महिनाभर दोन्ही मीटर एकाच जोडणीवर ठेवले असते तर वाद उरलाच नसता. 'मीटर प्रयोगशाळेत तपासले आहे' हे उत्तर आम्हांला म्हणूनच अपुरे वाटते. ग्राहकाची शंका दोन मीटरांमधील फरकाविषयी आहे.

स्मार्ट मीटरच्या वादातही हेच झाले. २०२१ च्या केंद्रीय योजनेतून प्रीपेड स्मार्ट मीटर यायची होती. विरोध वाढल्यावर, सामान्य ग्राहकांकडे ती लावणार नाही असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. २०२५ मध्ये 'टीओडी' या नावाने, बिल नंतर देणारी स्मार्ट मीटर बसू लागली. मीटरचे मोजणे, त्याने आकडे दूर पाठवणे आणि पैसे आगाऊ घेणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट सांगितले कोणी? भामरागड-एटापल्लीकडे मोबाइलला रेंज मिळण्याची मारामार. तिथे आगाऊ पैशांच्या मीटरला घेतलेला आक्षेप रास्तच होता. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे. चंद्रपूरकरांचे म्हणणे आणखी वेगळे. २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र दाराशी, राख आमच्याकडे आणि दर मात्र सगळ्यांसारखाच! ही तक्रार दराची आहे. ती मीटरच्या तक्रारीत मिसळली की दोन्ही हसण्यावारी नेणे सोपे जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीज-ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली तर वितरण कंपनीने ५ दिवसांत दुसरे मीटर जोडायचे आणि किमान ३ महिने पडताळणी करायची. आम्ही हे सांगितले तेव्हा गुरुजींनी कागद मागितला. अर्ज त्या तरुण शिक्षकांनीच लिहून दिला, आणि ६७ स्पंद व २०५ व्होल्ट हे आकडेही त्यात घातले.