पहिल्या मिनिटाचा सांधा

नव्या अल्बमच्या आधी रॉक बँड एखादे सिंगल काढतो, ते शितावरून भाताची परीक्षा व्हावी म्हणून. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' आणि 'पेनी लेन' या जोडीची गंमत अशी, की फेब्रुवारी 1967 मध्ये शीत हातावर पडले आणि जूनमध्ये 'सार्जंट पेपर' नावाचा भात आला, तर त्यात हे शीत नव्हतेच! दोन्ही गाणी त्याच अल्बमच्या कामातून निघालेली. पण ऑगस्ट 1966 नंतर बँडचे नवे काही आले नव्हते, कंपनीला घाई होती, आणि सिंगलवरची गाणी शक्यतो अल्बममध्ये पुन्हा घ्यायची नाहीत असा त्यांचा ब्रिटनमधला शिरस्ता होता. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ही गाणी वगळल्याची खंत पुढे कायम राहिली. मला मात्र जे झाले ते चांगलेच झाले असे वाटते.

'सार्जंट पेपर' हा वेषांतराचा खेळ आहे. चौघे दुसऱ्याच एका काल्पनिक बँडचे सोंग घेतात. या दोन गाण्यांत सोंग नाही. एकाच शहरात वाढलेले दोघे लिव्हरपूलची आठवण काढतात, आणि त्या आठवणी एकमेकींशी वाद घालतात. डझनभर गाण्यांच्या गर्दीत तो वाद ऐकू आला नसता. तबकडी उलटली की लगेच ऐकू येतो.

मॅकार्टनीची 'पेनी लेन' म्हणजे आपल्या स्मरणिकांतला 'आमचे गाव' हा लेखच. न्हावी, बँकवाला, अग्निशामक दलाचा माणूस, सगळे आपापल्या जागी. वर डेव्हिड मेसनचा लखलखीत पिकोलो ट्रम्पेट; बाखच्या संगीतात तो ऐकून मॅकार्टनीने मुद्दाम बोलावून घेतलेला. लेननचे गाणे याच्या उलट. स्ट्रॉबेरी फील्ड हे त्याच्या मावशीच्या घराजवळचे मुलांचे अनाथालय. गाणे लिहायला घेतले ते स्पेनमध्ये, चित्रीकरणाच्या मुक्कामी. इथे माणसे नाहीत, रस्ते नाहीत. बोलणारा स्वतःचेच वाक्य अर्ध्यावर सोडतो.

आणि मग तो प्रसिद्ध सांधा. लेननला एका ध्वनिमुद्रणाची सुरुवात आवडली होती आणि ट्रम्पेट-चेलोंच्या दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. टेपचा वेग बदलला की सूर आणि लय दोन्ही एकाच दिशेला सरकतात. एक सुधारावे तर दुसरे बिघडायची भीती. सुदैवाने जलद मुद्रणच वरच्या पट्टीत होते. मार्टिन आणि जेफ एमरिक यांनी एक थोडे चढवले, दुसरे उतरवले आणि साधारण पहिल्या मिनिटाला जोड दिला. त्यापुढे लेननचा आवाज जड, झोपेतल्यासारखा होतो. हॅरिसनने छेडलेले स्वरमंडलही याच भागात उतरत्या सुरांनी येते. गायकाच्या मांडीवर ते पाहायची सवय असलेल्या आपल्या कानांना तो नाद ओळखीचा, पण इथे तो आधाराला नाही. पायाखालची फरशी सरकावी तसा येतो.

आम्हा इंजिनियरांना सांधा दिसला की काम कच्चे वाटते. इथे सांध्यातच गाण्याचा जीव आहे. 1996 च्या 'अँथॉलॉजी 2' मध्ये आधीची मुद्रणे ऐकायला मिळाली. सुंदर आहेत, पण त्यांत नुसती हुरहूर आहे. जोडामुळे हुरहुरीच्या खाली भीती येते. शेवटी गाणे विरून पुन्हा उगवते, तो प्रकार मात्र मला आजही पोरकट वाटतो.

या सिंगलला ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळाला नाही. एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'ने तो अडवला. त्याने काही बिघडले नाही. आपण परदेशात राहणारे लोक 'पेनी लेन' पुष्कळ लिहितो: वाडा, आजी, एस.टी.चा थांबा. ते खोटे नसते. पण तिथला मी आणि इथला मी यांची पट्टी जुळत नाही, हेही तितकेच खरे असते, आणि मुलांपुढे आपण नेहमी पहिलीच बाजू वाजवतो. दुसरीही त्यांना एकदा ऐकवावी.